उत्तरेची भिंत

१

दगडाच्या कामात शाळा कमी लागते, नजर जास्त लागते. मी सातवीनंतर शाळा सोडली आणि वडलांच्या मागून गुहागरकडच्या चिरेखाणीवर गेलो. विसाव्या वर्षी कमरुद्दीन मामूने व्हिसा पाठवला आणि मी आखातात, खोर फक्कानच्या बंदरावर आलो. मामू माझ्या आईचा सख्खा भाऊ. तेवीस वर्षं तो इथे गवंडी होता, त्यातली शेवटची दहा मेस्त्री. त्याच्या हाताखाली मी बोलायला फारसा शिकलो नाही, पण भिंत पाव इंच बाहेर गेली तर ओळंबा न लावता मला कळायला लागलं. हे बढाई म्हणून सांगत नाही. पुढचं समजायला ते माहीत असावं लागेल.

१९९८च्या उन्हाळ्यात आमच्याकडे जे काम आलं, तसं आमच्यापैकी कोणी केलं नव्हतं. खोर फक्कानच्या मागे डोंगर सुरू होतात तिथे एका अरबाबची मोठी जागा होती. अरबाब म्हणजे मालक, इथे सगळे मालकाला असंच म्हणतात. तरुणपणी तो जहाजाच्या इंजिनांचं शिकायला स्कॉटलंडला गेला होता आणि तिथे एका शेतकऱ्याच्या घरी तीन वर्षं भाड्याने राहिला होता. पुढे त्या घरावरून रस्ता जाणार असं कळल्यावर त्याने ते घरच विकत घेतलं. तिकडच्या गवंड्यांनी ते एकेक दगड करून उतरवलं, प्रत्येक दगडावर पांढऱ्या रंगाने आकडा टाकला आणि अकरा कंटेनर भरून ते घर आमच्या बंदरात आलं.

घर दोनशे वर्षांचं, पण दिसायला साधं. लांबट, बुटकं. भिंती अडीच फूट जाड. दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींवर धुराडी, छपरावर काळ्या पातळ दगडाच्या चिपा. खिडक्या लहान, आणि सगळ्या दक्षिणेला. दार एकच, तेही दक्षिणेला. घराने उत्तरेकडे पाठ केलेली होती. तिकडून थंडी येते म्हणून, असं आमचे इंजिनियर सदानंद साहेब म्हणाले.

मामूचं हे शेवटचं काम होतं. सप्टेंबरात तो कायमचा गावी जाणार होता. एकदा गावी फोन लावला तेव्हा, मामूच्या हातून तो माझ्याकडे आल्यावर जुलेखा मामी हळूच म्हणाली, "अबरार, तेवीस वर्षं त्याला उन्हाने खाल्लंय. उरलाय तेवढा तरी मला आणून दे."

मी हो म्हटलं. मी कुणाला सहसा शब्द देत नाही.

२

सकाळी साडेपाचला काम सुरू, बारा ते तीन सुट्टी, मग पुन्हा सहापर्यंत. इंग्रजी आकडे मला भराभर वाचता येत, म्हणून ड्रॉइंग माझ्या हातात असे. मी आकडा पुकारायचा, मुलांनी दगड आणायचा, मामूने चुन्यात बसवायचा.

तीन बाजूंच्या भिंती चढल्या. त्यांत रंगवलेला आकडा नेहमी घराच्या आतल्या अंगाला येत होता. बरोबरच होतं, आत गिलावा होणार, आकडा झाकला जाणार. चौथी होती स्वयंपाकघराची उत्तरेची भिंत. तिच्यात ना दार, ना चूल. फक्त मधोमध एक चौकोनी खोलगट जागा होती, हातभर खोल, खाली-वर सपाट दगड आणि मागून दगडानेच बंद. ही खोलगट जागा आकड्यांच्या उलट्या अंगाला होती. म्हणजे आकडे आत घेतले तर ती बाहेर जात होती.

आमच्याकडे घराच्या भिंतीत अशी जागा असतेच. त्यात दिवा ठेवतात, काडेपेटी, औषधाची बाटली. कोनाडा. तो घराच्या बाहेर कोण करील? मी ठरवलं की तिकडच्या गवंड्याने या एका भिंतीचे आकडे चुकून उलट्या अंगाला टाकले आहेत. ड्रॉइंगच्या खाली बारीक अक्षरात इंग्रजीत एक ओळ होती. ती मी वाचली नाही. साहेबांना विचारायचं तर त्यांच्या ऑफिसच्या तंबूपर्यंत जाऊन, चार माणसांसमोर, मला वाचता येत नाही हे सांगावं लागलं असतं.

पहिला थर लावताना मामू म्हणाला, "आकडे बाहेर का रे येतायत?"

"कोनाडा आत यायला हवा ना, मामू."

त्याने ड्रॉइंग बघितलं, मान हलवली. "बरोबर. बाहेर काय कावळ्यांना दिवा लावायचाय?"

दोनशे चौदा दगड होते. एकही अडला नाही. सगळे सांधे जुळले. भिंत इतकी चोख बसली की मला माझ्या निर्णयाबद्दल थोडा अभिमानच वाटला.

३

जुलैत छप्पर चढलं आणि आम्हाला कळलं की स्वयंपाकघर गार आहे.

बाहेर चव्वेचाळीस डिग्री. लोखंडी पहारीला हात लावला तर चटका बसायचा. आणि आत, उत्तरेच्या भिंतीपाशी, अंगावर काटा यावा असा गारवा. पहिल्या दिवशी आम्ही आठही जण दुपारी तिथे आडवे झालो. "अरबाबने फुकटात एसी आणलाय," असं कुणी म्हणालं आणि सगळे हसले.

मामूने चहाचा ग्लास कोनाड्यात ठेवला. तो सरकत पुढे आला आणि खाली पडून फुटला. मामूने दुसरा ठेवला. तोही सरकला, तो मी झेलला. मग मी लेव्हल आणून लावली. तळाचा दगड खोलीच्या बाजूला बोटभर उतरता होता.

"बसवताना चुकलास," मामू म्हणाला.

"तू बसवलास."

"मग दगडच तसा आहे," असं म्हणून तो भिंतीला पाठ टेकून बसला.

तो दगड तसाच घडवलेला होता. छिन्नीच्या रेघा उताराच्या दिशेने होत्या. कुणीतरी मुद्दाम, काळजीने केलेला उतार. कोनाड्याला उतार कशाला, याचा मी त्या दुपारी थोडा वेळ विचार केला. नंतर झोप लागली.

आठवड्याभरात मुलं एकेक करून साइटवरच्या पत्र्याच्या पोर्टा केबिनमध्ये झोपायला जायला लागली. तिथला एसी आवाज करायचा, सहा माणसांना जागा पुरत नव्हती, तरी गेली. मी एकाला विचारलं तर तो म्हणाला, "तिथे झोप लागत नाही भाई, वारा फार आहे." खोलीला एकच खिडकी होती, ती दक्षिणेला, आणि तिला अजून तावदान नव्हतं म्हणून आम्ही फळी ठोकली होती. वारा यायला जागाच नव्हती. पण तो म्हणाला ते खरं होतं. डोळे मिटले की वारा ऐकू यायचा, मोकळ्या माळावर येतो तसा, लांबून येत जवळ येणारा.

मी स्वतःला समजावलं. जाड भिंतीत पोकळ्या राहतात, त्यांतली हवा तापली की आवाज करते. दगड दुसऱ्या देशाचा, इथल्या उन्हात तो थोडा बोलणारच. ही कारणं खोटी नाहीत. आजही मी ती कुणाला सांगू शकेन.

मग टकटक सुरू झाली. दोनदा, मग थांबणं, मग दोनदा. दगड तडकल्याचा आवाज मला माहीत आहे, तो असा थांबून येत नाही. मी उठून बाहेर गेलो आणि घराला वळसा घालून उत्तरेला आलो. कुणी नव्हतं. भिंतीला कान लावला. बाहेरून काही ऐकू येत नव्हतं. आत आलो तर पुन्हा दोनदा.

भिंतीवर कुणीतरी आतून, आपल्याच बाजूने ठोकत होतं.

४

मामू काही जागा सोडेना. "तेवीस वर्षांत पहिल्यांदा थंडीत झोपतोय," म्हणायचा. बारा वाजले की तो कोनाड्याखाली बसायचा आणि तीनला मी त्याला उठवायचो. ऑगस्टच्या सुरुवातीला त्याला उठवायला दोन हाका लागत. नंतर खांदा हलवावा लागे. एकदा मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि पटकन काढून घेतला. बाजारात बर्फातून काढलेल्या सुरमईवर हात पडावा तशी पाठ.

त्याला मी उन्हात नेऊन बसवलं. एक तास बसवलं. पुढून घामाच्या धारा लागल्या होत्या, पाठ तशीच.

"मामू, तू तिथे झोपू नकोस."

"का? तुझ्या मामीने सांगितलंय?" तो हसला. मग हसू थांबलं. "अबरार, मला रोज एकच स्वप्न पडतं. मी कुणाच्या तरी घराबाहेर उभा असतो. पाऊस पडत असतो, बारीक, आडवा. आत दिवा आहे हे मला माहीत असतं. कोणी दार उघडत नाही."

"मग?"

"मग काही नाही. उभं राहायचं. माझ्याआधी एकजण उभा असतो तिथे. त्याला सवय आहे."

त्याच आठवड्यात अरबाब आला. त्याने घरातून हात मागे बांधून फेरी मारली, चुलीच्या दगडावर बसून बघितलं, उठला, आणि बाहेर जाऊन उत्तरेला उभा राहिला. आम्ही मागे.

"यहाँ एक खिड़की थी," तो सदानंद साहेबांना म्हणाला. त्याला कामगारांचं हिंदी चांगलं यायचं. "असली नहीं. बाहर से खिड़की, अंदर से दीवार. मैं घर की बुढ़िया को पूछा, ये खोलती क्यों नहीं. वो बोली, खोलने के लिए नहीं है, उसके लिए है।"

"किसके लिए, सर?"

अरबाबने खांदे उडवले. "इंग्लिश मेरी उस टाइम कच्ची थी।"

साहेबांनी ड्रॉइंग उलटंसुलटं केलं. "चेक करता हूँ सर. डिस्मँटलिंग में मिस हुई होगी."

मी चार पावलांवर होतो. मला तेव्हाच सगळं कळलं होतं. तो उतार खोलीसाठी नव्हता, पावसाच्या पाण्यासाठी होता. खिडकीखालचा दगड बाहेरच्या बाजूला उतरता ठेवतात, हे मी चिरेखाणीवर बारा वर्षांचा असताना शिकलो होतो. मी तोंड उघडलं. अरबाबने माझ्याकडे बघितलं, साहेबांनी बघितलं, आणि मी तोंड मिटलं.

मामू तेव्हा आत झोपलेला होता.

५

सगळे गेल्यावर मी भिंतीची दोन्ही अंगं नीट तपासली. हे मी जून महिन्यातच करायला हवं होतं.

बाहेरच्या अंगाला, जिथे आम्ही तारेच्या ब्रशने आकडे घासले होते, तिथे सांध्यांच्या खोबणीत जुना पांढरा चुना होता आणि त्याच्यावर काजळी. एका दगडात लाकडाची खुंटी ठोकलेली होती, टोपी किंवा कोट अडकवायला असते तशी. खाली, लहान मुलाच्या उंचीला, खिळ्याने काढलेल्या आडव्या रेघा. कुणाचं तरी पोर दरवर्षी वाढत गेलं होतं. हे घराचं आतलं अंग होतं. ते आता खोर फक्कानच्या उन्हात होतं.

मग मी आत गेलो. आतले दगड पावसाने झिजून गोल झालेले, त्यांवर राखाडी बुरशीचे सुकलेले ठिपके. कोनाड्याच्या उजव्या हाताला, माझ्या खांद्याच्या उंचीवर, एक दगड मधोमध दबलेला होता. गुळगुळीत, तळहाताएवढा. देवळाच्या पायरीला येतो, विहिरीच्या काठाला येतो तसा घासा. तसा घासा दगडाला एका माणसाच्या आयुष्यात पडत नाही. मी त्यात हात ठेवून बघितला नाही.

दोनशे वर्षं जे बाहेर होतं ते आम्ही आत घेतलं होतं. थंडी, वारा, आणि जो कोणी ठोकत होता तो. आणि मामू रोज तीन तास त्याच्या शेजारी बसत होता, घराच्या बाहेर, छपराखाली.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. पण भिंतीला दोन अंगं असतात आणि ती अदलाबदल करायची नसतात, यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तंबूत गेलो. सदानंद साहेबांसमोर ड्रॉइंग ठेवलं आणि खालच्या ओळीवर बोट ठेवलं.

"साहेब, हे काय लिहिलंय?"

त्यांनी चष्मा वर केला. "आतून दिसणारं दृश्य, असं लिहिलंय. का?"

"मी बाहेरून धरलं. भिंत उलटी बांधली. मामूची चूक नाही, माझी आहे."

साहेब पुण्याचे, आवाज चढवत नसत. "अबरार, पुढच्या गुरुवारी हँडओव्हर आहे. कन्सल्टंटने साइन केलंय. अरबाबला एक खिडकी सोडून सगळं परफेक्ट वाटतंय. आणि तू मला आज सांगतोयस?"

"हो."

"खिडकी बाहेरून नवीन करून लावू. दोन दिवसांचं काम. खलास."

"नाही साहेब. भिंत फिरवावी लागेल."

मी साहेबांना कधी नाही म्हटलं नव्हतं. त्यांनाही ते जाणवलं असावं. "कशासाठी? मला एक टेक्निकल रीझन दे."

माझ्याकडे होतं. "आतला दगड पाणी शोषलेला आहे, साहेब. गिलावा धरणार नाही. तीन महिन्यांत फुगून पडेल." ते खरंच होतं. भर ऑगस्टमध्ये त्या भिंतीला आतून ओल होती. मी त्यांना नेऊन दाखवली. साहेबांनी दगडावर हात ठेवला, बोटं चोळून बघितली, कोनाड्याकडे बघितलं, आणि मग खोलीत थांबले नाहीत.

"सहा दिवस," बाहेर येऊन ते म्हणाले. "छताला टेकू नीट दे. बाकीची मुलं मी दुसऱ्या साइटला देतोय, इथे फक्त तू आणि तुझा मामू. अरबाबने विचारलं तर वॉटरप्रूफिंग चाललंय." मग रुमालाने हात पुसत, "तुझ्या मामूला डॉक्टरला दाखव रे. तो मला सकाळी गुड मॉर्निंग म्हणाला आणि त्याच्या तोंडातून वाफ आली."

७

टेकू दिले, जॅक लावले. मी मामूला केबिनमध्ये बसवून आलो आणि बाहेरच्या अंगाने, वरच्या थरापासून दगड काढायला लागलो. प्रत्येकावर खडूने पुन्हा आकडा. बाहेरचा पदर उतरवून मी कोनाड्याच्या मागच्या दगडापर्यंत आलो तेव्हा बारा वाजून गेले होते. ऊन मानेवर हातोड्यासारखं पडत होतं. मी पहार घातली, तो दगड हलवला आणि माझ्याकडे ओढून घेतला.

भोकातून थंडी आली. ओल्या लोकरीचा वास आला, मेंढरांचा, चिखलाचा. मी वाकून आत बघितलं.

मामू केबिनमध्ये नव्हता. तो आत भिंतीला लागून होता, पण बसलेला नव्हता. उभा होता, माझ्याकडे पाठ करून नाही, तोंड करून, अगदी भोकापाशी. डोळे उघडे. दाढीवर पाण्याचे बारीक थेंब. तो मला बघत होता पण मी त्याला दिसत नव्हतो, अंधारातून उजेडाच्या खिडकीकडे बघणाऱ्या माणसासारखा.

त्याच्या शेजारी, घासा पडलेल्या दगडावर, एक हात टेकलेला होता. मामूचे दोन्ही हात त्याच्या छातीशी होते. तो हात लांब होता, पांढरट, बोटांची पेरं सुजलेली. हाताच्या वर काळी ओली बाही. बाहीच्या वर मी बघितलं नाही.

मी उन्हात, घराच्या बाहेर, डोंगराच्या पायथ्याशी उभा होतो. आणि मला जे म्हणायचं ते मी एका क्षणात म्हटलं, कारण दुसरं काही लागू पडलं नसतं.

"मामू, आत ये."

त्याने मान हलवली. "कोण आहे?"

"मी अबरार. दार उघडलंय. तू एकटा आत ये."

मी हात भोकातून घातला. मामूचे दोन्ही हात धरले, दोन्ही मोजून धरले, आणि ओढलं. कोनाड्याच्या भोकातून तो खांदे खरवडत आला आणि माझ्यावर पडला. आम्ही दोघं परांचीवरून खालच्या रेतीत गेलो. तो थरथरत होता. रेती भाजत होती आणि त्याने दोन्ही हातांनी ती उचलून छातीवर ओतून घेतली, पुन्हा पुन्हा.

थोड्या वेळाने म्हणाला, "गरम आहे रे."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. पाठ कोमट होती.

८

अर्धी भिंत पडल्यावर त्या खोलीत काहीच राहिलं नाही. गारवा गेला, आवाज गेले. आत नाही आणि बाहेर नाही, एवढंच. पुढचे चार दिवस आम्ही भरभर काम केलं. मामू हळूहळू जेवायला लागला, दुसऱ्या दिवशी मला शिवी दिली, तिसऱ्या दिवशी माझ्या हातून थापी काढून घेऊन म्हणाला, "चुना असा लावतात? तुझ्या बापाने शिकवलं की खाणीतल्या बकरीने?" मला फार बरं वाटलं.

आकडे आत. खिडकी बाहेर. शेवटचा दगड बुधवारी दुपारी बसला. मामू आत सांधे भरत होता, मी बाहेर परांचीवर होतो. दगड जागेवर सरकला, मी चुना दाबला, आणि माझ्या पाठीला गार लागलं.

मी विचार केला नव्हता. भिंत सरळ केली म्हणजे आत आत झालं. पण बाहेर बाहेर झालं, आणि बाहेर मी उभा होतो.

मागे वळलो नाही. सांधा पूर्ण केला. अर्धवट सांधा सोडून मी कधी उतरलेलो नाही. थापी पुसली, खाली आलो, भिंतीला खांदा घासत घराला वळसा घातला, दारातून आत गेलो आणि कडी लावली.

स्वयंपाकघर भट्टीसारखं तापलेलं होतं. दुसऱ्या कुठल्याही खोलीसारखं. मामू रिकाम्या पोत्यावर बसला होता, घामाने भिजलेला, खुशीत.

"झालं?"

"झालं."

दारावर टकटक झाली. दोनदा.

मामू उठायला लागला. "उन्हात कुणीतरी उभं आहे. उघड. पाणी तरी विचारू."

"नको, मामू."

"अरे, दारात आलेल्या माणसाला..."

"नको म्हटलं ना."

मी दाराला पाठ लावून उभा राहिलो. मामूने माझ्याकडे निरखून बघितलं. त्याने मला लहानपणापासून बघितलंय, पण असं कधी नाही. तो परत बसला. पुन्हा दोनदा वाजलं, माझ्या दोन खांद्यांच्या बरोबर मधे. नंतर थांबणं. नंतर पुन्हा. घाई नव्हती त्यात.

आत सुरक्षित होतो, हे मला पक्कं माहीत होतं. ते घर त्यासाठीच बांधलेलं होतं, आणि आम्ही ते व्यवस्थित बांधलं होतं. पण घर अरबाबचं. दुसऱ्या साइटवरून मुलांना घेऊन, त्या दिवशी तीन वाजताच, ड्रायव्हर अन्वरची मिनीबस आम्हाला न्यायला येणार होती, आणि आम्हाला बाहेर पडावंच लागणार होतं.

हॉर्न वाजला. एकदा, मग लांबलचक. टकटक थांबली होती की हॉर्नमध्ये बुडाली होती, कळलं नाही. मी हत्यारांची पिशवी खांद्याला लावली. मामूचा हात धरला.

"इकडेतिकडे बघायचं नाही. बसपर्यंत सरळ. माझ्याशी बोलत राहा."

"काय बोलू?"

"मामी काय करणार आहे तू गावी गेल्यावर, ते सांग."

मी कडी काढली. अंगणातलं ऊन पांढरं होतं. पस्तीस पावलं असतील. मामू सांगत होता की मामी तिसऱ्यांचं कालवण करणार आहे, मूठभर तिरफळं घालून बांगडे करणार आहे, आणि मी त्याचा प्रत्येक शब्द ऐकत होतो आणि डावीकडून, दोन हातांवरून, आमच्याबरोबर चालणारा गारवाही मला लागत होता. मामूचा हात मात्र गरम होता. प्रत्येक पावलाला मी तो दाबून बघत होतो.

बसमध्ये चढलो. मामूला खिडकीशी बसवलं आणि मी कडेला बसलो. अन्वर पेशावरचा पठाण, कुणाची वाट बघायचा नाही. पण त्याने दार उघडंच ठेवलं आणि आरशात बघत राहिला.

"वो नहीं आएगा क्या?" त्याने विचारलं.

बसमधली मुलं माझ्याकडे बघायला लागली. एरवी मी मान खाली घातली असती.

"नहीं," मी म्हणालो. "वो हमारे साथ नहीं है. दरवाज़ा बंद करो, भाई. यल्ला."

अन्वरने एकदा बाहेर बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि दार ओढलं. बस निघाली.

मामू बांगड्यांचं बोलायचा थांबला होता. धुळीतून ते घर मागे जात होतं. त्याने काचेला तळहात लावला, मग उचलून कपाळाशी नेला, ओळखीच्या माणसाला आपण सलाम करतो तसा.